क्रूझर, टूरिंग की ॲडव्हेंचर: आपल्या मराठवाड्याच्या रस्त्यांना कोणती गाडी?

मांजराकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्याभरात तीन पोरांनी मला एकच प्रश्न विचारला. "दादा, दोन-अडीच लाखाची गाडी घ्यायचीय. क्रूझर घेऊ, टूरिंगची घेऊ का ऑफरोडची?" तिघांनाही मी विचारलं, तू रोज कुठून कुठं जातोस? तिघंही गप्प. मग कळलं की तिघांच्या डोक्यात लडाख आहे. लडाखला जरूर जावं, पण ते आयुष्यात एकदा, पंधरा-वीस दिवस. बाकीची सगळी वर्षं गाडी केज-कळंब रस्त्यावर नाहीतर शेताच्या पांदणीत चालणार. गाडी त्या दिवसांसाठी घ्यावी असं माझं मत आहे, आणि तेच मांडायला हा धागा काढतोय. पटलं नाही तर भांडा.

माझी ओळख एवढीच की मी बियाण्यांच्या धंद्यात आहे. केज, धारूर, अंबाजोगाई, कळंब हा माझा टापू, आणि चौदा वर्षं तो मी दुचाकीवरच फिरतोय. आधी शंभर सीसीची साधी गाडी, मग साडेचार वर्षं क्रूझर, आता पुढं एकवीस इंची चाक असलेली ॲडव्हेंचर, म्हणजे डांबरीवर आणि कच्च्या रस्त्यावर दोन्हीकडं चालणारी.

क्रूझरपासून सुरू करतो, कारण तिच्यावर माझा जीव होता. सीट खाली, हँडल आपल्याकडं ओढलेलं, फूटरेस्ट पुढं, पुढचे शॉकप जास्त कललेले आणि दोन चाकांत लांब अंतर. या लांबीमुळं सरळ रस्त्यावर ती रुळावरून गेल्यासारखी जाते. ॲव्हेंजर २२० क्रूझची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटर, मिटिऑर ३५० ची ७६५. बसलं की दोन्ही टाचा जमिनीला टेकतात. इंजिनाचा स्वभावही तसाच. मिटिऑर आणि नव्या क्लासिकचं ३४९ सीसीचं इंजिन ताकद देतं वीस बीएचपीच, पण २७ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, चार हजार आरपीएमलाच मिळतो. म्हणजे वरच्या गिअरला ऐंशीनं चाललाय, पुढं टेम्पो आला, तर गिअर न पाडता नुसती मूठ फिरवून पुढं निघता येतं. मांजरसुंब्याहून चौसाळ्यावरून येडशीकडं उतरताना संध्याकाळी ही गाडी चालवण्यात जे सुख आहे, ते मला दुसऱ्या कुठल्या गाडीनं दिलेलं नाही.

आता तिची दुसरी बाजू. पाय पुढं असल्यामुळं क्रूझरवर उभं राहता येत नाही. खड्डा आला की बाकीच्या गाड्यांवर माणूस आपोआप ढुंगण उचलतो आणि दणका गुडघ्यांवर घेतो. इथं सगळा दणका थेट माकडहाडात. मागच्या शॉकपला खेळायला जागा कमी, त्यामुळं तेही फारसं पोटात घेत नाहीत.

आणि आपली माती. सात वर्षांपूर्वी मृगाचा पहिला पाऊस पडला त्या दिवशी मी एका शेतकऱ्याच्या प्लॉटवर होतो, डांबरीपासून आठशे मीटर आत. पाऊस वीस मिनिटं पडला असेल. निघालो, आणि पन्नास पावलांत पुढचं चाक फिरायचं थांबलं. टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटांची फट होती, ती काळ्या चिखलानं गच्च भरली. बांधावरची तुराटी मोडून घेतली, चिखल कोरून काढला. परत पन्नास पावलं, परत जाम. तिसऱ्या वेळी मागचं चाक बाजूला सरकलं आणि गाडी माझ्या पायावर आडवी झाली. शेवटी त्या काकांच्या गोठ्यात गाडी उभी करून अनवाणी डांबरीपर्यंत चालत आलो. तिसऱ्या दिवशी वाफसा झाल्यावर गाडी काढली.

यात गाडीची चूक नाही. ती ज्या रस्त्यासाठी केलीय, त्यावर ती राणी आहे. माझा रस्ता तो नव्हता. टूरिंग आणि ॲडव्हेंचरचं खाली लिहीन, आधी तुमचं येऊ द्या.

वाळूजकर

धागा आवडला. क्रूझरचा विषय निघालाय तर आमच्या भागाचा एक धागा जोडतो. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. माझ्यासारख्या कितीतरी घरांची चूल त्याच्या आणि त्याला माल पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांच्या जिवावर पेटली. क्रूझर हा प्रकार आपल्याकडच्या नोकरदाराच्या आवाक्यात आणला तो बजाजनंच. २००१ ला कावासाकीबरोबरची एलिमिनेटर आली, ती अजून महागच होती. तिच्यावरून २००५ ला ॲव्हेंजर आली आणि पाय पुढं सोडून गाडी चालवायचं स्वप्न आमच्या कॉलनीत पोचलं.

मी स्वतः टूरिंगवाला. दर पंधरा दिवसांनी संभाजीनगर ते लातूर, आईवडिलांकडं. एका बाजूला अडीचशे किलोमीटरच्या वर. गाडी डॉमिनार ४००, सहा वर्षं झाली.

लोक विचारतात टूरिंगची गाडी म्हणजे काय. तिचा असा एक ठरलेला आकार नसतो. परदेशात ती होंडा गोल्डविंगसारखी असते, १८३३ सीसी, चालवणाऱ्यापुढं पूर्ण वारारोधक भिंत, मागं कायमच्या पेट्या. आपल्याला तेवढं लागत नाही. माझ्या मते चौथ्या तासाला ज्या गाडीवर माणूस ताजा राहतो ती टूरिंगची गाडी. पाठ सरळ, हँडलपर्यंत हात न ताणता पोचणारा, सीट रुंद आणि थोडी कडक. मऊ सीट शोरूममध्ये छान वाटते, गेवराई ओलांडेपर्यंत तिचा पापड होतो.

आणि वारा. याचा विचार गाडी घेताना कोणी करत नाही. शंभराच्या वेगाला छातीवर जो दाब येतो, तो झेलायला माणूस नकळत हँडल घट्ट ओढून धरतो. दोन तासांनी मनगटं आणि मान भरून येते, आणि आपल्याला वाटतं गाडीच वाईट. मी वितभर उंचीची विंडस्क्रीन बसवली आणि लातूरला पोचल्यावर आडवं व्हायची गरज संपली. मात्र ती उंच इतकीच हवी की तिच्यावरून नजर जाईल, तिच्यातून नाही. पावसात रात्री ओल्या काचेतून पाहायची वेळ आली तर समोरचं काही दिसत नाही.

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, हे पोरांनी लक्षात ठेवावं. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता आपल्या जालना-संभाजीनगरातून जातो, पण आपल्यासाठी नाही. उरलेल्या चौपदरी महामार्गांवर दुचाकीची वेगमर्यादा ताशी ८० आहे. मग दीडशेनं पळणारी गाडी घेऊन करायचं काय? चाळीस बीएचपीचा उपयोग मला वेगासाठी कधीच झाला नाही. पन्नासवरून ऐंशीला झटकन जाऊन उसाची ट्रॉली मागं टाकण्यासाठी मात्र रोज होतो.

औसेकर पाटील

मांजराकाठचा दादा, एका चिखलावरून क्रूझरला नापास करू नका, ही विनंती.

माझे वडील अडुसष्ट वर्षांचे. गुडघ्याचा त्रास. उंच गाडीवर त्यांना मागं बसताच येत नाही, पाय वर जात नाही. दरवर्षी नवरात्रात आम्ही बापलेक औशाहून तुळजापूरला दुचाकीवरच जातो, ते लहानपणी मला सायकलच्या दांडीवर बसवून गावच्या देवीला न्यायचे तेव्हापासूनची ही सवय. क्रूझर घेतल्यापासून ते स्वतः बसतात, स्वतः उतरतात, मागं पाठ टेकायला बॅकरेस्ट आहे. परतीला नळदुर्गाचा पाणीमहाल बघायला वळलो होतो यंदा. धो धो पाणी, आणि ते म्हातारं माणूस पोरासारखं उभं राहून बघतंय. ही गाडी नसती तर मी त्यांना एसटीनं नेलं असतं.

आमच्या घरापासून देवीच्या पायरीपर्यंत डांबर आहे. मला चिखलाची गाडी कशाला लागते?

मांजराकाठचा

पाटील, मी हरलो, आणि आनंदानं. तुम्ही जे केलंत तेच मी त्या तीन पोरांना सांगत होतो. आपला रस्ता बघितला, आपलं माणूस बघितलं आणि मग गाडी घेतली. वडिलांना नमस्कार सांगा.

ताई अंबाजोगाईकर

पहिल्यांदाच लिहितेय इथं. मी आरोग्य खात्यात आहे, उपकेंद्रावर. माझ्याकडं दोन तांडे आणि पाच वाड्या येतात. सध्या स्कूटरवर फिरते. डांबरी संपली की पुढं मुरूम, त्याच्यापुढं नुसता दगड. स्कूटरचं बारकं चाक प्रत्येक दगडात अडकतं. लसीचा डबा पायात ठेवलेला असतो, जीव सगळा त्याच्यात. दोन वेळा पडलेय.

मला ॲडव्हेंचर गाडी घ्यायचीय. माझी उंची पाच फूट एक इंच. शोरूममध्ये गेले तर गाडी दाखवायच्या आधीच "मॅडम, ही तुम्हाला झेपणार नाही" म्हणाले. भावाचंही तेच. खरंच झेपणार नाही का? खरं काय ते सांगा, मन राखायला काही सांगू नका.

मांजराकाठचा

ताई, तुमच्या प्रश्नासाठी हा धागा काढला असं समजा. नीट सविस्तर लिहितो.

आधी ही गाडी उंच का असते ते. चाकाखाली दगड आला की चाक वर उचललं जातं, आणि गाडी जागच्या जागी राहावी लागते. त्यासाठी शॉकपला लांब खेळ हवा. हिरोच्या एक्सपल्स २०० ला पुढं १९० आणि मागं १७० मिलिमीटरचा खेळ आहे, शिवाय इंजिनाचं पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर. मिटिऑरचं १७०. हे पाच सेंटिमीटर म्हणजे दगड पोटाला घासून आवाज होणं आणि दगड खालून निघून जाणं, यातला फरक. एवढं सगळं वर उचललं की सीट वर जाणारच.

तुमची स्कूटर अडकते कारण तिचं चाक दहा-बारा इंचाचं. बैलगाडीचं चाक मोठं का असतं, त्याचंच हे उत्तर. मोठं चाक दगडावर चढतं, लहान चाक त्याला धडकतं. म्हणून या गाड्यांना पुढं २१ इंच.

आता उंचीचं. एक्सपल्सची सीट ८२३ मिलिमीटर, नव्या हिमालयन ४५० ची ८२५. जवळजवळ सारखीच. पण एक्सपल्स दीडशे किलोच्या जरा वर आहे आणि हिमालयन १९६. ते चाळीसेक किलो म्हणजे पोत्यातली जवळपास अर्धी ज्वारी. तुम्हाला उंची पाडणार नाही, वजन पाडेल. आधीची ४११ ची हिमालयन ८०० मिलिमीटरच होती, बसायला सोपी, पण १९९ किलो. मी चालवतो तीच. ती पडली की मला एकट्याला उचलायला घाम फुटतो, आणि मी पाच फूट नऊ आहे.

दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा आग्रह सोडा. डावा पाय पूर्ण टेकवा, उजवा ब्रेकवर. थांबताना कंबर सीटवरून डावीकडं सरकवायची, नुसता पाय ताणायचा नाही. आठ दिवस मोकळ्या मैदानात एवढंच करा. आणि बसून बघितल्याशिवाय गाडी ठरवू नका, कारण सीट अरुंद असेल तर तीच उंची कमी वाटते. गाडीवर माणूस बसला की शॉकपही थोडे दबतात.

पडलेली गाडी उचलायची रीत आधीच शिकून घ्या. इंजिन बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा. गाडी गिअरमध्ये टाकायची, म्हणजे चाक फिरणार नाही. मग गाडीकडं पाठ करून उकिडवं बसायचं, एक हात खालच्या हँडलला, दुसरा मागच्या पकडीला, सीटला कंबर टेकवायची आणि छोटी छोटी पावलं मागं टाकत पायांच्या जोरावर उठायचं. पाठीनं उचलली तर कमरेत उसण भरलीच. दीडशे किलोची गाडी या रीतीनं तुम्हाला उचलता येईल, खात्रीनं सांगतो.

जुना येझदीवाला

तरुण मंडळींची चर्चा वाचून बरं वाटलं. मी परभणीचा, वय त्रेसष्ट.

आमच्या वेळी असले प्रकार नव्हते. गाडी म्हणजे राजदूत, येझदी नाहीतर बुलेट. १७५ सीसीच्या राजदूतवर दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना बांधून माणसं पहाटे पांदणीतून यायची, आणि ती गाडी कधी ऑफरोड म्हणवली नाही. माझी येझदी २५० सीसी, दोन स्ट्रोकची. म्हैसूरला बनायची, १९९६ ला कारखाना बंद झाला तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं झालं होतं.

काळ्या मातीचं मांजराकाठच्यांनी बरोबर लिहिलं. आम्ही त्यावर उपाय करायचो. मृग लागला की पुढचं मडगार्ड सोडून माळ्यावर ठेवायचं, दिवाळीला परत लावायचं. चिखल अंगावर उडायचा पण चाक अडायचं नाही. आजच्या ॲडव्हेंचर गाड्यांना पुढचं मडगार्ड चोचीसारखं उंच का असतं हे नातवानं विचारलं, तेव्हा मला उत्तर तयार होतं.

आणखी एक. आमचे टायर बारीक होते. रस्त्यावर खाली टणक थर असला तर बारीक टायर वरचा चिखल कापून त्याला जाऊन धरतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. रुंद टायर दिसायला भारी, पण आपल्याकडं पावसाळ्यात त्याचा काही उपयोग नाही.

उदगीरचा पठ्ठ्या

काका, लई भारी सांगितलाव! मडगार्डची गोष्ट आमच्या आज्जाकडून पण ऐकलोय.

माझा प्रश्न सोपाय. मी आणि दोघं दोस्त पावसाळा संपला की नांदेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट करत माहूरला जाऊलालो. वाटेत इस्लापूरजवळ सहस्रकुंड बघायचंय. पैनगंगेला तेव्हा पाणी मस्त असतंय म्हणतेत. एकाकडं हिमालयन, एकाकडं क्लासिक आणि माझ्याकडं साधी दीडशे सीसी. माझी गाडी चालंल का? का कोणाची मागून घेऊ?

खडी मुरूम

माझं बीड बायपासला गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली, म्हणून दोन शब्द.

उदगीरचे भाऊ, तुझी दीडशे सीसीच ने. जिची प्रत्येक खरखर तुला ओळखू येते, ती गाडी परक्या गाडीपेक्षा चांगली. तिघांनी तिच्या वेगानं चालायचं, एवढं आधी ठरवा. जाण्याआधी चेन-स्पॉकेट, ब्रेक लायनर, क्लच केबल बघून घे, एक क्लच केबल आणि एक ॲक्सिलरेटर केबल सीटखाली टाक. किनवटच्या जंगलात केबल तुटली तर गाडी ढकलायला माणूसही भेटत नाही.

पंक्चरचं सगळ्यांनी नीट समजून घ्या. हिमालयन आणि क्लासिकला तारांचं चाक असेल तर आत बहुतेक ट्यूब असते. तारांचं चाक दगडावर आपटलं तर थोडं लवतं, अलॉय लवत नाही, त्याला चीर जाते नाहीतर ते चेपतं. म्हणून ऑफरोडला तारा. पण ट्यूब फुटली की हवा एका दमात जाते आणि चाक खोलावं लागतं. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी गाडी पंपापर्यंत पोचते. तेव्हा तुमच्या तिघांत दोन्ही सामान हवं, ट्यूबलेसची वात आणि सुई, शिवाय टायर खोलायच्या दोन पट्ट्या, एक जादा ट्यूब. २१ इंची ट्यूब खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडं मिळत नाही, ती घरूनच न्यायची. ट्यूब कोणीही जोडून देतो, ते काम गावोगाव आहे.

हवा. डांबरीवर पुस्तकात लिहिलीय तेवढी. मुरमावर आणि रेतीवर लांब चालायचं असेल तर चार-सहा पॉइंट कमी करा, टायर पसरतो आणि धरतो. दगडावर फार कमी करू नका, रिम चेपते. परत डांबरीला लागलात की पहिल्या पंपावर भरून घ्या. कमी हवेनं महामार्गावर पळालात तर टायर तापतो.

चेनचं तर माझ्याकडं रोजचंच. काळा चिखल चेनवर वाळला की त्याचं सिमेंट होतं. लोक त्याच्यावरच ऑइल मारतात. आत माती आणि वर ऑइल म्हणजे कानस झाली, ती स्पॉकेटचे दात खाते. आधी रॉकेल किंवा डिझेलनं ब्रशनं धुवा, पुसा, वाळू द्या, मग ऑइल. हे दहा मिनिटांचं काम केलं तर दोन-तीन हजारांचा सेट जास्त वर्षं जातो.

एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, तिच्याबद्दल पोरं विचारतात. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना आहेच. डांबरीवर तो जीव वाचवतो, कधी बंद करू नका. मुरमाच्या उतारावर मात्र मागचा एबीएस सतत ब्रेक सोडत राहतो आणि गाडी थांबतच नाही असं वाटतं. म्हणून ऑफरोड गाड्यांना मागचा बंद करायची सोय असते. खाली उतरलात की परत चालू करा. हे विसरून पुढं आलेले दोघं माझ्या गॅरेजला येऊन गेलेत, गाडी टेम्पोत घालून.

गोदाकाठ

सगळे गाडीबद्दल बोलतायत, मला रात्रीबद्दल बोलायचंय. मी माजलगावचा.

दिवाळी झाली की आपल्याकडं गाळप हंगाम. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तरी उसाच्या पाल्यानं झाकलेला. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत रात्री नऊ वाजता मी घरी येत होतो. समोरून येणाऱ्या ट्रकनं अप्पर मारला, दोन सेकंद डोळ्यांपुढं नुसता पांढरा उजेड. तो गेला आणि माझ्यापुढं दहा फुटांवर काळी भिंत. ट्रॉली उभी होती, टायर बदलायला, रस्त्यातच. ब्रेक दाबला, हँडल उजवीकडं घेतलं, उसाच्या कांड्यांनी डावा खांदा आणि हेल्मेट खरवडून काढलं. हेल्मेटवर चार बोटं रुंद ओरखडा आहे. ते मी ठेवलंय, घरातल्या सगळ्यांना दिसेल असं.

त्या कारखान्याला मी दोनदा लेखी दिलं, की ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय काट्यावर घेऊ नका. उत्तर आलं नाही. ट्रॅक्टरवाल्याचाही राग येत नाही, तोही कर्जातच आहे आणि चोवीस तास जागा आहे.

म्हणून सांगतो, गाडी कुठलीही घ्या, तिचा हेडलाइट अंधारात जाऊन बघा. टेस्ट राइड सगळे दुपारी घेतात. संध्याकाळी सातनंतर मागा. नोव्हेंबर ते मार्च रात्रीचा प्रवास टाळता आला तर टाळाच, आणि नाही टाळता आला तर साठच्या वर जाऊ नका, मग गाडी चाळीस बीएचपीची असो का चारशेची.

मांजराकाठचा

गोदाकाठ, अंगावर काटा आला. हेडलाइटचा मुद्दा माझ्याही मनात कधी आला नव्हता.

माहूरवाट

ऑफरोड या एका शब्दात आपण चार वेगळ्या गाड्या कोंबतोय, तेवढं मोकळं करतो.

मोटोक्रॉस म्हणजे बंद मैदानावर उड्या मारायची गाडी. दिवा नाही, नंबर नाही, रस्त्यावर आणता येत नाही. एंड्युरो तिचीच जंगलातली बहीण, हलकी, कडक सीटची. ड्युअल स्पोर्ट म्हणजे रस्त्यावर चालणारी पण जीव मातीत असलेली. आपल्याकडं हिरोची इम्पल्स २०११ ला आली होती, दीडशे सीसीची. लोकांना ती तेव्हा कळली नाही, फार लवकर आली. एक्सपल्स तिच्याच वाटेवरची. आणि ॲडव्हेंचर म्हणजे टूरिंग आणि माती यांचं लग्न. मोठ्या गाड्यांत त्याची सुरुवात १९८० च्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस पासून मानतात. त्या नावातलं जी म्हणजे माळरान आणि एस म्हणजे रस्ता. दुसऱ्याच वर्षी त्या गाडीनं पॅरिस-डाकार ही शर्यत जिंकली.

डाकारचं नाव निघालं तर सांगायलाच हवं, २०१५ ला सी. एस. संतोष ती शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय झाला, आणि २०२४ ला हिरोच्या गाडीवर रॉस ब्रँच दुसरा आला. आपल्या देशातल्या कंपनीची गाडी जगातल्या सगळ्यात अवघड शर्यतीत दुसरी! त्या रात्री मी झोपलो नाही.

आपल्या भागात ॲडव्हेंचरचं सोनं करायचं असेल तर उंडणगावहून हळदा घाटानं वेताळवाडी किल्ल्याखालून सोयगावला उतरा. नाहीतर कन्नडहून अंतूर किल्ला. किंवा पाटोद्याकडून सौताड्याचा धबधबा. यातल्या कशालाही सहाशे सीसी लागत नाही. हलकी गाडी आणि सकाळी लवकर निघणं लागतं.

ताई अंबाजोगाईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही कोणी "मॅडम, झेपणार नाही" म्हटलं नाहीत.

काल रविवारी मैत्रिणीच्या नवऱ्याची एक्सपल्स मागून आणली. आधी मैदानात तासभर डावा पाय, उजवा पाय, कंबर सरकवणं. पहिल्यांदा थांबताना गाडी उजवीकडं गेली आणि आडवी झाली. भाऊ धावत आला, त्याला म्हटलं लांब उभा राहा. स्टँड काढला, गिअर टाकला, पाठ लावली आणि उचलली. पहिल्या दमात नाही, दुसऱ्या दमात. भाऊ काही बोलला नाही, पण नंतर त्यानंच तांड्यापर्यंत सोबत यायचं कबूल केलं.

तांड्याच्या वाटेवर ती गोट्यांची चढण आहे ना, जिथं मी स्कूटरवरून उतरून ढकलत नेते, ती गाडीवर बसून चढले. वर आजीबाई शेळ्या घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, आज घोडं आणलंस का?"

एकच अडचण. चढायला जमलं, उतरताना भीती वाटली. पुढचा ब्रेक दाबला की चाक गोट्यांवर सरकत होतं. शेवटचा टप्पा मी उतरून, गाडी धरून खाली आणली. पुढच्या महिन्यात गाडी घेतेय, नक्की. पण तो उतार कसा उतरायचा?

मांजराकाठचा

ताई, वा! दुसरं काही लिहायच्या आधी तुमचं अभिनंदन.

उतार असा उतरा. वरच थांबा, पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडून द्या. इंजिनच गाडीला धरून ठेवेल. ॲक्सिलरेटर बंद, क्लचला बोट लावायचं नाही. मागच्या ब्रेकवर पाय हलका ठेवा, पुढच्यावर एकच बोट आणि तेही चाक सरळ असतानाच. चाक वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की ते सरकणारच, काल तुमचं तेच झालं असणार. फूटरेस्टवर उभ्या राहा, गुडघे थोडे वाकलेले, कंबर मागं सीटच्या वर, टाकी गुडघ्यांत धरलेली. हाताची पकड सैल, हँडल हातात थोडं नाचू द्यायचं. आणि चाकापुढच्या गोट्याकडं बघू नका, जिथं उतार संपतो तिथं बघा.

लसीचा डबा पाठीवर घेऊ नका, तोल वर जातो. मागच्या कॅरिअरला रबरी पट्ट्यांनी बांधा, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा टाका म्हणजे आदळणार नाही. पहिल्या वेळी डबा न घेता जा, आणि भावाला खाली उभा करा.